गच्चीवरच्या कृत्तिका

कांजूरमार्ग पूर्वेला आकाश आहे, ही गोष्ट आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी शोधून काढली. त्याआधी आम्हा रहिवाशांच्या समजुतीप्रमाणे चौथ्या मजल्याच्या वर गच्ची होती, गच्चीवर पाण्याची टाकी होती, टाकीवरून केबलच्या तारा गेल्या होत्या आणि तारांच्या वर विमानं होती. त्याच्याही पलीकडे आणखी काही असेल अशी शंका घ्यायला कुणाला सवड नव्हती. काकांना ती होती, कारण काकांनी लग्न केलं नव्हतं. आणि एवढं मोठं आकाश हाती लागल्यावर त्या गृहस्थांनी त्यातली एकच वस्तू आपल्यासाठी ठेवून घेतली होती, ती म्हणजे कृत्तिका. चंद्र, शुक्र, गुरू ही मंडळी त्यांच्या लेखी उपटसुंभ होती. "शुक्र काय रे, कुणालाही दिसतो," असं ते म्हणत, आणि म्हणताना चेहऱ्यावर असा भाव असे, की शुक्राने जरा अंग चोरून राहायला काय हरकत होती.

ज्यांनी कृत्तिका पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत संध्याकाळी मृग नक्षत्र दिसतं, त्याच्या पोटात तीन तारे ओळीत असतात, तो बाण. ती ओळ व्याधाच्या ठळक ताऱ्याच्या उलट बाजूला वाढवत न्यायची, की लालसर रोहिणी लागते, आणि तिच्याही पुढे गेलं की मनगटावर सांडलेल्या पिठीसाखरेएवढा ताऱ्यांचा एक पुंजका दिसतो. त्या कृत्तिका. पुराणात त्या सहा आयांनी मिळून कार्तिकेयाला वाढवला. मूळच्या सात, पण सातवी अरुंधती वसिष्ठांकडे राहिली, अशीही कथा आहे. दुर्बिणीतून तिथे शेकड्यांनी तारे दिसतात म्हणे, पण काकांचा दुर्बिणीवर राग होता. दुर्बिणीतून बघणं म्हणजे त्यांच्या मते शेजाऱ्याच्या घरात डोकावणं. डोळ्यांनी दिसेल तेवढंच आपलं, बाकीचं ज्याचं त्याला लखलाभ.

हा डोळ्यांचा अभिमान त्यांच्या धंद्यातून आला होता. काका घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत. दुकानात भिंतीवर नेहमीचा अक्षरांचा तक्ता होता, पण काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "तक्ता पाठ करून येतात लोक. आकाश पाठ करून या म्हणावं." त्यामुळे सकाळी अकरा वाजता नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते तपासून झाल्यावर सांगत, की हा झाला कच्चा नंबर, आता संध्याकाळी दिवेलागणीनंतर गच्चीवर जा, कृत्तिकांमधले किती तारे दिसतात ते मोजा आणि उद्या येऊन सांगा, मग काचा घालू. मे महिन्यात एका गुजराती शेठाणींना त्यांनी कृत्तिका आता सूर्यापाशी आहेत, तुम्ही दिवाळीनंतर या, असं सांगितल्यावर दुकानाचे मालक काउंटरवर डोकं टेकून बसले होते. तरी मालकांनी त्यांना शेवटपर्यंत नोकरीवर ठेवलं, कारण काकांनी काढलेला नंबर कधी चुकला नाही. तक्त्यावरचा सुद्धा.

लग्नाचंही तिथेच अडलं. तरुणपणी एक स्थळ अगदी ठरल्यात जमा होतं. मुलीचे वडील घर बघायला आले. चहापोहे झाले, पत्रिकेचा विषय निघाला, वडिलांनी विचारलं की आपलं नक्षत्र कोणतं. आता या प्रश्नाला माणूस एका शब्दात उत्तर देतो. काकांनी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि उत्तर दाखवलं. वर विचारलं, "किती दिसतात?" त्या गृहस्थांना ही काहीतरी धार्मिक परीक्षा वाटली असावी. त्यांनी हात जोडून "सत्तावीस" म्हणून सांगितलं. काका खाली आले आणि आपल्या आईला म्हणाले, की माणूस बरा आहे पण बघितल्याशिवाय बोलतो, मुलीवर तेच संस्कार असणार. आईने कपाळाला हात लावला. त्यानंतर तिने पुन्हा कुणाला गच्चीचं दार दाखवलं नाही.

माणसं जोखायची त्यांची रीतच ही होती. सोसायटीत कुणी नवा राहायला आला की पहिल्या थंडीत त्याला वर नेऊन तोच प्रश्न. आमच्या बाजूला धूर आणि उजेड इतका, की चांगल्या डोळ्यांना तीन दिसतात, फार चांगल्यांना चार, आणि पावसाने हवा धुतली असेल तर पाच. काकांना स्वतःला पाच दिसत. मी चारवाला. माझी बायको लग्नाआधी पाहुणी म्हणून पहिल्यांदा वर गेली तेव्हा तिने चष्मा काढून सांगितलं, की मला नुसता डाग दिसतो, आणि तेवढ्या एका उत्तरावर काकांनी तिला घरचं माणूस मानलं. याउलट आमच्या सेक्रेटरींनी क्षणभरही न बघता "सातच्या सात!" म्हणून ठोकून दिलं. तेव्हापासून काकांचं त्यांच्याविषयीचं मत पक्कं झालं. "इथून सात दिसणारा माणूस एक तर ऋषी असतो, नाही तर कमिटीवर."

दिव्यांशी त्यांचं वैर होतं. संध्याकाळी सात-साडेसातला गच्चीच्या कठड्यावरून त्यांचा आवाज यायचा. "दुसरा मजला, किचन!" म्हणजे आमचा दिवा. "पहिला मजला, बाल्कनी! माणूस नाही, दिवा कुणासाठी?" वरून त्यांना कुठल्या घरात कुठला दिवा कशासाठी जळतोय ते सगळं ठाऊक असे. माझी बायको ओट्याशी असली की ओरडून सांगायची, की काका, अंधारात पोळी करपते. मग ते दहाच मिनिटं मागायचे. एकदा मी वैतागून वर गेलो आणि म्हणालो की काका, ऑफिसातून आत्ता येतोय, जेवू तर द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "हा उजेड तिथून निघाला तेव्हा पेशवाई सुरू व्हायची होती. तो एवढा चालत आलाय, आणि तुला दहा मिनिटं भूक आवरत नाही?" मी खाली जाऊन मुकाट्याने दिवा बंद केला. खाडीकडून वारा आला की त्याच्याबरोबर कचऱ्याच्या डंपिंगचा वासही येई. मग काका नाकाला रुमाल बांधून उभे राहत, पण दार लावून खाली आले असं कधी झालं नाही.

तर अशा या माणसामुळे आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडलं.

चार मजली, बिनलिफ्टची, पावसाळ्यात भिंतींना पोपडे धरणारी आमची इमारत पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर होणार होता. प्रत्येकाला एक जादा खोली. माझ्या बायकोने त्या खोलीचे पडदे मनातल्या मनात शिवून लावलेसुद्धा होते. बिल्डरचं म्हणणं एकच, की सगळ्यांच्या सह्या द्या, एकाचीही राहिली तर मी दुसरीकडे जातो. सगळ्यांच्या झाल्या, काकांची राहिली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी जास्त हवंय. बिल्डरच्या माणसालाही तसंच वाटलं. तो येऊन विचारायचा, "काका, बोला ना, कितना चाहिए?" आणि काका म्हणायचे, आहे तेवढंच. त्या माणसाला हे उत्तर फारच मुरलेल्या सौदेबाजाचं वाटे, आणि तो घाम पुसत निघून जाई.

मला लोकांनी वकील म्हणून पाठवलं, कारण मी चारवाला. काका खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी लिफ्टचं सांगितलं, पार्किंगचं सांगितलं, शेवटी टॉवरच्या रंगीत पुस्तकातलं एक चित्रही दाखवलं. त्यात वरच्या मजल्यावर 'स्टार गेझिंग डेक' होता. एक परदेशी जोडपं हातात पेले घेऊन आरामखुर्चीत पहुडलेलं, आणि त्यांच्या डोक्यावर छत, त्या छतात बारीक बारीक दिवे बसवलेले. काकांनी ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून, अगदी धंदेवाईक नजरेने बघितलं. "वर पण दिवेच लावणार आहेत," एवढं म्हणून मला परत दिलं.

मग जरा वेळाने शेंगांची टरफलं गोळा करता करता म्हणाले, "बाविसाव्या मजल्यावरची गच्ची आपली नसते रे. पहिली ती बिल्डरची असते, मग मोबाइलच्या टॉवरवाल्याची, मग कुलपाची. आता मला वाटलं की मी चपला घालतो आणि वर जातो. कुणाला विचारत नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात अशी एवढी एकच जागा आहे." हे ऐकल्यावर मला जादा खोलीविषयी बोलायची लाज वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, की ते खरं, पण चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं काय?

चौथ्या मजल्यावरच्या काकू मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दुबईला. काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेल्यापासून त्यांचं खाली उतरणं बंदच झालं होतं. डॉक्टरकडे जायचं तरी खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागे, आणि काकू वजनदार असल्यामुळे ते चौघे दर मजल्यावर बदलावे लागत. भाजीसाठी त्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. भाजीवाला खालून हवं ते भरून द्यायचा. कमिटीच्या प्रत्येक मीटिंगला त्यांचा निरोप यायचा, की लिफ्टचं तेवढं बघा. पण काकांना याबद्दल त्या स्वतः कधी काही बोलल्या नव्हत्या, आणि काकांच्या नजरेतून हा विषय सुटला होता. तारे बघणाऱ्या माणसाला खालचा मजला दिसतो, वरचा दिसत नाही.

शेवटी कमिटीने ठरवलं की काकांना खूश करायचं. ही कल्पना सेक्रेटरींची. म्हातारा कृत्तिकांचा भक्त आहे ना, मग कृत्तिकांचा मोठा कार्यक्रम करू, त्यांचा सत्कार करू, आणि नारळाबरोबर पेन हातात देऊ. तारीख त्यांनी पंचांग बघून काढली. कार्तिक महिन्याचं नावच कृत्तिकांवरून, तेव्हा कार्तिकी पौर्णिमेइतका चांगला मुहूर्त कुठला? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. काकांना अर्थातच काही सांगायचं नव्हतं, ती सरप्राइज पार्टी होती.

त्या संध्याकाळी काका साडेसातला चपला घालून वर आले आणि दारातच थांबले. गच्चीवर मांडव होता. त्रिपुरी म्हणून कठड्यावर ओळीने पणत्या लावलेल्या. मांडववाल्याकडून चार हॅलोजन आणून चार कोपऱ्यांत उभे केलेले, कारण सेक्रेटरींच्या मते बायकामुलांना तारे नीट दिसले पाहिजेत. खुर्च्या स्टेजकडे तोंड करून मांडल्या होत्या, म्हणजे पूर्वेकडे सगळ्यांची पाठ. आणि पूर्वेला खाडीवर परातीएवढा चंद्र येऊन बसला होता. कुणीतरी उत्साहाने "ती बघा कृत्तिका!" म्हणून बोट दाखवलं, ती विमानतळाकडे वळली आणि तिची चाकं बाहेर आली.

काकांना हार घातला. माइक दिला. काका जरा वेळ त्या हॅलोजनकडे हाताचा आडोसा करून बघत राहिले, आणि मग अगदी शांतपणे बोलले. "पौर्णिमेचा चंद्र या महिन्यात कृत्तिकांच्या शेजारी असतो, म्हणून महिन्याला कार्तिक म्हणतात. आणि तो शेजारी असतो म्हणूनच त्या आज दिसत नाहीत. वर्षातून एक संध्याकाळ अशी येते की त्या आकाशात असून दिसत नाहीत. कमिटीने नेमकी ती शोधून काढली, मी आभारी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर त्यांना तो आभारप्रदर्शनाचा नेहमीचा भाग वाटला. सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं, आणि सगळी मंडळी बटाटेवड्यांकडे वळली.

काका कठड्याशी जाऊन उभे राहिले. तिथेच एका खुर्चीत चौथ्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. मी त्यांच्यासाठी वड्याची बशी घेऊन आलो होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं. काकांना त्या दिसल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, की बरं झालं तुम्ही आलात, तुम्ही तरी जिना चढून आलात, आता अमावास्येला या, मी दाखवतो. काकूंनी बशी मांडीवर ठेवली.

"भाऊ, तुम्ही हौसेन वर येतास," त्या म्हणाल्या. "मी येतंय ती खाली जावक गावणा नाय म्हणान. एक मजलो वर, तेवढाच माझा जग. तीन वर्सां झाली, भेंडी हातात घेवन तिचा टोक मोडून बघूक नाय मी. तो भाजीवालो काय घालता ता खातंय. माझा आभाळ बघून झाला, भाऊ. माका आता जमीन व्हयी."

आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. वड्याचा तुकडा मोडून चटणीत बुडवला आणि खायला लागल्या.   काकांनी वाकून विचारलं, की खाली नेण्यासाठी कुणाला बोलावू का. काकू म्हणाल्या, नको, अजून जरा बसते, वारा बरा आहे. मग काकाही खाली बसले, पणत्यांच्या मध्ये, सत्काराच्या हारासकट, आणि दोघं बराच वेळ कोकणातल्या माशांविषयी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्या उचलायच्या वेळी काका सेक्रेटरींकडे गेले आणि सही करून आले. अट घातली नाही, नव्या गच्चीची किल्ली मागितली नाही. सेक्रेटरी आजही छातीवर हात ठेवून सांगतात, की ती सही हॅलोजनमुळे मिळाली. काकांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही, हे मला विशेष वाटतं, कारण चुकीचं बोलणाऱ्याला तसंच सोडून देणं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

कागदपत्रं वर्षभर फिरली. त्याच्या पुढल्या मार्चमध्ये घरं रिकामी करायची वेळ आली. जो तो मिळेल तिथे भाड्याच्या जागेत गेला, कुणी भांडुपला, कुणी मुलुंडला. आम्ही स्टेशनच्या पलीकडे. काकूंना मागच्याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली मिळाली. काका मात्र शेवटपर्यंत हलले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी मी विसरलेलं एक पाट-पोळपाटाचं गाठोडं न्यायला म्हणून गेलो, तर ते जिन्यात भेटले, चपला घालून निघालेले. मीही त्यांच्या मागून वर गेलो.

अमावास्या जवळ होती. इमारतीचे मीटर काढून नेले होते. चारही मजल्यांवर एकही खिडकी उजळलेली नव्हती, कंपाउंडातली ट्यूबसुद्धा बंद. आदल्या दिवशी अवेळी सर पडून गेली होती आणि हवा स्वच्छ होती. काका पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी न वळता माझं मनगट धरलं. "सहावी आहे रे," ते म्हणाले.  "पाचांच्या जरा डावीकडे. सत्तर वर्षांचा झालो, इथून पहिल्यांदा दिसतेय." मी बघितलं. खोटं कशाला सांगू, मला पाचच दिसल्या. त्यांना एवढं सुखात मी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात खालून हाक आली. "भाऊ, आसास काय वर?"

आम्ही वाकून बघितलं. कंपाउंडाच्या अंधारात काकू उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. बाजारातून एकट्या चालत आल्या होत्या आणि घरी जायच्याऐवजी इमारतीला शेवटचं बघायला म्हणून इकडे वळल्या होत्या. म्हणाल्या, की मला काही वर येणं जमायचं नाही, तुम्ही बघा सावकाश, मी उभी आहे.

काकांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली. मग चपला नीट केल्या आणि जिन्याकडे निघाले. मी म्हणालो, "काका, अहो सहावी दिसतेय ना, पुन्हा इथून कुठली दिसायला?"

"ती दिसो न दिसो, जागेवर आहे," ते म्हणाले. "काकू चालत आल्यात."

मी कठड्याशी उभा राहिलो. थोड्या वेळाने ते खाली कंपाउंडात दिसले. त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली, दोघं क्षणभर इमारतीकडे बघत थांबली, आणि मग फाटकातून बाहेर पडून गल्लीकडे चालायला लागली, काकूंच्या पावलाने, फार सावकाश. वळणापर्यंत काकांनी एकदाही वर बघितलं नाही. मी मात्र पुन्हा वर बघितलं आणि पाचांच्या जरा डावीकडे शोधत राहिलो. मग एकदाची मलाही ती दिसली. मला फार आनंद झाला. पण सांगायला गच्चीवर कुणी नव्हतं, म्हणून गाठोडं उचललं आणि मीही खाली उतरलो.